न ऐकतां दिलेला कौल

गेल्या जुलै महिन्यांत अमेरिकेंत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर त्यानें लिहिलें होतें: "सर, आमच्या मित्रमंडळींचा एक पॉडकास्ट यंदा एका पारितोषिकाच्या यादींत आला आहे. आपलें एक मत हवें. भाग ऐकायला सवड झाली नाहीं तरी चालेल. सोबतच्या दुव्यावर जाऊन त्यांच्या नांवापुढें खूण करावी, इतकेंच."

तीस वर्षें मीं इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविलीं. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊं नये, हें ज्या मुलांना मीं पहिल्याच वर्षीं सांगितलें, त्यांपैकींच हा एक. मतपत्रिका उघडून पाहिली. तींत पांच नांवें होतीं. चार मीं कधीं ऐकलेलीं नव्हतीं. पांचव्याचा एक भाग, तोही अर्धा, कानांवरून गेला होता. मतपत्रिकेनें मला पसंतीचा क्रम विचारला. ‘ऐकलें आहे काय?’ एवढें मात्र विचारलें नाहीं. मीं ती तशीच मिटली. विद्यार्थी थोडा रुसला. "सर, सगळेच असें करतात," हें त्याचें उत्तर. प्रस्तुत लेख त्या उत्तराचें प्रत्युत्तर आहे.

प्रथम हा विषय कशाचा, तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें जग अपरिचित असेल. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि भूमिकाखेळ नांवाचा एक नवा प्रकार रूढ झाला. चारसहा माणसें टेबलाभोंवतीं बसतात; एक जण प्रसंग वर्णितो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन त्या प्रसंगांत आपण काय करूं तें बोलतात, आणि निकाल संशयित असेल तेथें फांसा टाकून निर्णय होतो. येथें पट नसला तरी चालतें, सोंगट्या नसल्या तरी चालतें. बोलणें मात्र हवें. बैठक उठली कीं खेळ हवेंत विरून जातो. मागें उरतो तो नियमांचा ग्रंथ. आणि कीर्तनाशीं पोथीचा जेवढा संबंध, तेवढाच त्या ग्रंथाचा त्या रंगाशीं.

पुढें 2004 सालीं ‘पॉडकास्ट’ हा शब्द प्रचारांत आला, आणि एक बरासा मायक्रोफोन व पुष्कळशी चिकाटी एवढ्या भांडवलावर कोणासही आपला आवाज जगभर पोंचवितां येऊं लागला. ज्या खेळाचें सर्वस्व बोलणें, त्याला बोलण्याचेंच साधन मिळालें. त्यांतून दोन शाखा निघाल्या. एकींत नव्या-जुन्या खेळांचें परीक्षण, त्यांचा इतिहास, खेळविण्याच्या युक्त्या यांची चर्चा होते. दुसरींत प्रत्यक्ष खेळच ध्वनिमुद्रित करून ऐकविला जातो. या दोन्ही शाखांत जो ‘स्वतंत्र’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या मागें प्रकाशक नसतो, मोठी कंपनी नसते. दिवसा नोकरी करावी, रात्रीं मुलें निजल्यावर स्वयंपाकघराचें दार लावून बोलावें, आणि रविवारीं बसून खोकले व अडखळणें कापून काढावें, असा हा संसार आहे.

या धडपडीला मान देणारीं जीं पारितोषिकें आहेत, त्यांत ‘एनी’ पारितोषिकांचें नांव मोठें. ‘ईएन वर्ल्ड’ या भूमिकाखेळाच्या रसिकांच्या संकेतस्थळानें तीं 2001 सालीं सुरू केलीं, आणि इंडियानापोलिस येथें दर उन्हाळ्यांत भरणाऱ्या ‘जेन कॉन’ या मेळाव्यांत त्यांचें वितरण होतें. त्यांची पद्धत अशी: पांच परीक्षक लोकांच्या मतानें निवडले जातात, ते आलेल्या कृती तपासून प्रत्येक वर्गांत साधारणतः पांच नांवें पुढें करतात, त्यानंतर मतदान सर्वांस खुलें होतें, आणि पहिल्यास सुवर्ण व दुसऱ्यास रौप्य पारितोषिक मिळतें. नियमग्रंथ, नकाशे, चित्रें यांच्या वर्गांबरोबर पुढें पॉडकास्टचाही वर्ग आला. पटावरील खेळांच्या जगांतही ‘बोर्डगेमगीक’च्या सभासदांच्या मतांनीं दिल्या जाणाऱ्या ‘गोल्डन गीक’ पारितोषिकांत पॉडकास्टला स्थान मिळालें. ज्यांनीं हीं पारितोषिकें उभारलीं त्यांच्या हेतूविषयीं मला लेशमात्र शंका नाहीं. धंद्याच्या पोटीं जन्मलेल्या या छंदांत रसिकांचा शब्द अखेरचा असावा, ही त्यांची इच्छा आदरणीयच आहे. माझें भांडण हेतूशीं नसून पद्धतीशीं आहे. आणि पद्धतीशींही एवढ्याच ठिकाणीं कीं, जी ग्रंथासाठीं घडविली ती जशीच्या तशी कानाला लावली.

ग्रंथ चाळतां येतो. मतदारानें तो विकत घेतला नसला तरी दुकानांत हाताळलेला असतो, चित्रें पाहिलेलीं असतात, दोन प्रकरणें वाचलेलीं असतात. श्रवणाला चाळणें नाहीं. तासाचें बोलणें ऐकण्यास तास लागतो. आतां थोडें गणित करूं. एक पॉडकास्ट दर आठवड्यास तासाचा एक भाग काढतो असें धरा. वर्षाचे झाले 52 तास. पांच उमेदवारांचे 260. मतदारास पुरा एक महिना दिला, तरी त्याला रोज साडेआठ तासांहून अधिक ऐकत बसावें लागेल. प्रत्यक्ष खेळाचे भाग तर पुष्कळदां तीन-तीन, चार-चार तासांचे असतात. तेथें हें गणित मांडण्यांतही अर्थ नाहीं. याचा निष्कर्ष एकच: पांचही ऐकून मत देणारा मतदार हा या वर्गांत अपवादादाखलच सांपडावयाचा.

कोणी म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा होते. सारें ऐकलेंच पाहिजे असें कोठें आहे? मान्य. परंतु त्यासाठीं पांचही हंड्यांतलें एकेक शीत तरी चाखलें पाहिजे. येथें मतदार आपल्या घरचा भात जेवून येतो, आणि शेजारच्या चार हंड्यांचीं झांकणें न काढतां सांगतो कीं, सर्वांत उत्तम भात आमच्या घरचा. अशा हजार जणांचे कौल एकत्र केले तर काय कळेल? कोणत्या घरीं जेवणारीं माणसें किती, एवढेंच. ही परीक्षा नव्हे. ही खानेसुमारी आहे. खानेसुमारी उपयुक्त असते. पण तिच्या आंकड्यांवर ‘सर्वोत्तम’ असें लिहून सोन्याचें पदक टांगणें ही फसवणूक आहे, आणि ती कोणी हेतुपुरस्सर करीत नसल्यामुळें अधिकच दुरुस्तीस कठीण आहे.

या खानेसुमारींत स्वतंत्र पॉडकास्टची स्थिति काय होते, तेंही आंकड्यांनींच पाहूं. दोनशें श्रोत्यांच्या एका पॉडकास्टच्या प्रत्येक श्रोत्यानें निष्ठेनें मत दिलें, आणि वीस हजार श्रोत्यांच्या दुसऱ्याच्या श्रोत्यांपैकीं शंभरांत दोघांनींच तसदी घेतली, तरी दुसरा चारशें मतांनीं सुवर्ण घेऊन जातो. आणि या जगांत वीस हजार हा कांहीं मोठा आंकडा राहिलेला नाहीं. ‘क्रिटिकल रोल’ ही नटमंडळी 2015 सालीं आपला खेळ लोकांना दाखवूं लागली. 2019 सालीं तिनें चित्रमालिकेसाठीं वर्गणीची हांक दिली तेव्हां एक कोटी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. मॅकेलरॉय बंधु व त्यांचे वडील यांच्या ‘दि ॲडव्हेंचर झोन’ या 2014 पासूनच्या पॉडकास्टवर 2018 सालीं चित्रकथेचें पुस्तक निघालें व तेंही तडाख्यानें खपलें. या मंडळींचे गुण मी नाकारीत नाहीं. त्यांनीं हा खेळ लाखों घरांत नेला. ते एखाद्या यादींत असोत वा नसोत, मुद्दा निराळा आहे. ज्या कालांत ऐकणाऱ्यांच्या संख्येंत एवढें अंतर पडलें आहे, त्या कालांत केवळ मतसंख्येवर मान देणें म्हणजे ज्याला आधींच मान मिळाला आहे त्यालाच पावती देणें होय. पारितोषिकानें अज्ञाताला प्रकाशांत आणावें; येथें प्रकाशांत असलेल्यावरच आणखी एक दिवा लावला जातो.

यांत हानि कोणाची? मी म्हणतों, छंदाची. मोठा प्रकाशक आपल्या खेळाची जाहिरात करूं शकतो. बारा पानांचा खेळ लिहिणाऱ्या एकट्यादुकट्याला आवाज असतो तो या स्वतंत्र मंडळींचाच. ‘फ्रेंड्स ॲट द टेबल’ या पॉडकास्टचें उदाहरण घ्या. 2014 सालीं सुरू झालेल्या या मंडळीनें बलाढ्य प्रकाशकाचा खेळ न उचलतां ‘डंजन वर्ल्ड’ हा लहान खेळ घेतला. ॲव्हरी आल्डर यांचा ‘द क्वायट इयर’ घेतला. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’चा पूर्ण ग्रंथ 2017 सालीं येण्यापूर्वींच तो खेळून दाखविला. नाटककाराची संहिता छापून येण्याआधीं एखाद्या हौशी मंडळीनें तिचा प्रयोग करावा, आणि प्रयोगांतूनच ती लोकांना कळावी, तसें हें काम आहे. तें किती श्रोत्यांनीं ऐकलें हा त्याच्या योग्यतेचा एक भाग झाला. पण तो सर्वांत लहान भाग.

आणि हानि केवळ हरणाऱ्याची होते असें नाहीं. केनेथ हाइट व रॉबिन लॉज हे दोघे नाणावलेले खेळकर्ते 2012 पासून दर आठवड्यास एक पॉडकास्ट चालवीत आले आहेत. खेळांपासून इतिहासापर्यंत आणि चित्रपटांपासून पाकशास्त्रापर्यंत त्यांचें संभाषण चालतें, आणि मी तें आवडीनें ऐकतों. त्यांना ‘एनी’ पारितोषिक एकाहून अधिक वेळां मिळालें. माझ्या मतें तें योग्यच झालें. परंतु तें त्यांच्या बहुश्रुतपणाला मिळालें, कीं विनोदाला, कीं खेळकर्ते म्हणून आधींच कमावलेल्या नांवाला? मतांची बेरीज याचें उत्तर देऊं शकत नाहीं; बेरजेला जीभ नसते. म्हणजे या पद्धतींत पराभूताला आपण कां हरलों हें कळत नाहीं, आणि विजयी झालेल्यालाही आपण कां जिंकलों हें कळत नाहीं. ज्या निकालापासून दोघेही कांहीं शिकत नाहींत, तो निकाल वाङ्मयाच्या काय कामाचा?

येथें आमच्यासारख्या प्राध्यापकांवर एक ठरीव आरोप येतो: तुम्हांला लोकांची अभिरुचि नको, पंडितांची सत्ता हवी. आरोप करणारे कधींकधीं डॉ. जॉन्सन यांचाही आधार घेतात. 1781 सालीं ग्रे कवीचें चरित्र लिहितांना जॉन्सन यांनीं कविकीर्तीचा अखेरचा निवाडा पंडितांकडे न देतां सामान्य वाचकाकडे दिला, हें खरें. पण जॉन्सन यांचा सामान्य वाचक हा प्रथम वाचक होता. त्यानें ती कविता वाचली होती, म्हणून तर त्याच्या मताला किंमत. न वाचणाऱ्या सामान्य माणसाला जॉन्सन यांनीं न्यायासनावर बसविल्याचें मला कोठें आढळलें नाहीं. मलाही सामान्य श्रोता मान्य आहे. अट एकच, त्यानें श्रोता असावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परीक्षकमंडळें तरी कोठें निर्मळ असतात? गट पडतात, ओळखी निघतात, एकमेकांच्या पाठी थोपटल्या जातात. हें मराठी वाचकाला सांगावयास नको. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कित्येक दशकें मतदानानें निवडला गेला. मतदारांच्या घरीं पत्रें आणि माणसें जात राहिलीं. पुस्तकांपेक्षां मतांची चर्चा अधिक झाली. अखेर ही निवडणूक बंद झाली, आणि 2019 च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे या नव्या पद्धतीनें निवडलेल्या अध्यक्षा लाभल्या. निवडणूक गेली म्हणून वाद गेले, असें मुळींच नव्हे. त्याच संमेलनांत दुसरा वाद उभा राहिला. परंतु थोर लेखकांनीं दारोदार मतें मागत हिंडावें हा प्रकार तरी थांबला. दोष दोन्ही पद्धतींत आहेत. प्रश्न एवढाच कीं, कोणता दोष सुधारतां येण्याजोगा आहे. न ऐकणाऱ्या हजारांना जाब विचारतां येत नाहीं. ऐकणाऱ्या पांचांना येतो.

जाब विचारतां यावा यासाठीं पांचांनीं आपलीं कारणें लिहून प्रसिद्ध केलीं पाहिजेत. हें अशक्य नाहीं. जर्मनींत 1979 पासून दिलें जाणारें ‘श्पील देस यारेस’ हें पटावरील खेळांचें पारितोषिक पाहा. त्याचें मंडळ समीक्षकांचें असतें. प्रकाशनाच्या धंद्यांत ज्यांचे हात गुंतले आहेत त्यांना तेथें स्थान नाहीं. आणि निवड कां केली तें मंडळ लिहून सांगतें. त्या निवडीशीं कोणी सहमत होवो न होवो, वाद घालण्यास हाताशीं कांहींतरी असतें. भूमिकाखेळांच्या जगांतही अगदीं निराळें उदाहरण आहे. 2001 पासूनच्या ‘डायना जोन्स’ पारितोषिकाचें चिन्ह म्हणजे एका अपयशी खेळाच्या जाळून टाकलेल्या प्रतींचे अवशेष. त्यांत ‘इंडियाना जोन्स’ या नांवाचीं आरंभींचीं अक्षरें जळून ‘डायना जोन्स’ तेवढें उरलें. तें देणारें मंडळ लहान आहे, पण आपल्या निवडीचें समर्थन तें शब्दांत करतें. 2018 सालीं त्यानें हा मान कोणा एका मंडळीला न देतां प्रत्यक्ष खेळ ऐकविण्याच्या प्रकारालाच दिला. यांत दूरदृष्टि होती, हें मी कबूल करतों. तथापि माझी एक तक्रार येथेंही आहे: सर्वांना दिलेला मान कोणाच्याच घरीं जात नाहीं. स्वयंपाकघरांत बसून बोलणाऱ्याला उद्यां आपल्या पॉडकास्टवर काय लिहितां येईल? ‘आमच्या जातीला पारितोषिक मिळालें’, एवढेंच!

तेव्हां दोष दाखवून हात झटकण्यापेक्षां उपाय सांगतों. पहिला: वर्षभराच्या मालिकेला मान देऊं नये, एका भागाला द्यावा. प्रत्येक उमेदवारानें आपला एकच भाग पुढें ठेवावा. पांच उमेदवारांचे पांच भाग म्हणजे पांचदहा तासांचें काम. तें परीक्षकाला होतें, आणि मनांत आणलें तर मतदारालाही होतें. दुसरा: चर्चेचा पॉडकास्ट व खेळाचा पॉडकास्ट यांना एका पंगतीस बसवूं नये. निबंध आणि नाटक यांत श्रेष्ठ कोण, असें कोणी विचारीत नाहीं. तिसरा: अंतिम निवड ऐकणाऱ्यांनीं करावी, आणि निदान दोनशें शब्दांत कारणें द्यावीं. ‘एनी’च्या रचनेंत याचें बीज आहेच, तेथें प्रत्येक परीक्षक आपल्या पसंतीची एक कृति स्वतःच्या जबाबदारीवर निवडून गौरवितो. ज्या मंडळाला हें सुचलें, त्याला एक पाऊल पुढें टाकणें जड जाऊं नये. चौथा: लोकमताचें पारितोषिक खुशाल असावें, पण त्याचें नांव ‘लोकप्रिय’ असावें. प्रकाशकांसाठीं ‘रसिकांची पसंती’ असा प्रांजळ नांवाचा मान ‘एनी’मध्यें आहे, तोच प्रांजळपणा पॉडकास्टच्या वांट्याला कां येऊं नये?

कोणी विचारील, एवढ्या लहानशा छंदांतल्या एका पदकासाठीं एवढा खल कशाला? याचें उत्तर मला माझ्या विद्यार्थ्याच्या मित्रमंडळींनींच दिलें. मत दिलें नाहीं, पण मन राहवेना; म्हणून त्यांचा एक भाग मागवून घेतला. चाळीस मिनिटांचा होता. एका अप्रसिद्ध खेळाचे नियम त्यांनीं इतक्या बारकाईनें उलगडले होते कीं, मला पद्याचें रसग्रहण ऐकल्याचा भास झाला. शेवटचीं दहा मिनिटें मात्र पाल्हाळिक होतीं. मीं दोन पानें लिहून पाठविलीं. गुण लिहिले, तो दोषही लिहिला. त्यांचें उत्तर आलें तें दोन ओळींचें. मतें पुष्कळांनीं दिलीं, असें त्यांनीं लिहिलें होतें. परंतु ऐकून कोणी लिहिल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि पुढच्या वर्षीं पॉडकास्ट चालवावा कीं बंद करावा हा विचार चालू असतां तो आला.

हें वाचून मला आनंद झाला नाहीं, लाज वाटली. रात्रींची झोंप खर्चून बोलणाऱ्या माणसाची अपेक्षा फार मोठी नसते. पदक त्याला हवें असेल. पण त्याहून अधिक त्याला एक कान हवा असतो. पारितोषिक देणाऱ्या संस्थांनीं त्याला मतें मिळवून दिलीं, आणि तीं मिळविण्यासाठीं त्याला ओळखीपाळखीच्या दारांत उभें केलें. कान मात्र मिळवून दिला नाहीं. जी संस्था ऐकण्याच्या कलेचा गौरव करावयास निघाली, तिनें ऐकण्याची अट तेवढी काढून टाकावी, याला मी अन्याय म्हणतों. आणि "सगळेच असें करतात" हें त्याचें समर्थन नव्हे, तो त्याचा पुरावा आहे.